दोन टीबीच्या पलीकडे

शहाद्याहून तोरणमाळकडे निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागतं. स्मार्ट टीव्ही घरोघरी आल्यावर लग्नाच्या कॅसेटचं काय झालं ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं म्हणून मी तिथे गेलो. कॅसेट जाऊन सीडी आली, मग पेनड्राइव्ह आला, आणि आता तोही पुरत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं चित्रीकरण फोर-केमध्ये होतं आणि यजमानांच्या हाती एक्स्टर्नल हार्डडिस्क पडते.

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्डडिस्क आणली तेव्हा चोवीस इंची पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरं मावत, आणि ते धूड एक माणूस हलवू शकत नसे. आज चार टीबीची डिस्क शर्टाच्या खिशात जाते. पण ती टीव्हीला लावली की पुष्कळदा नुसता दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर काहीच येत नाही.

मला गुंतवून ठेवलं ते एका स्टुडिओवाल्या तरुणाने. "भाऊ, टीव्हीत दिसत नाही," असा फोन आला की तो पहिल्यांदा विचारतो, आवाज कसला येतोय? टिक-टिक येत असेल तर बहुधा डिस्कला वीज पुरत नाही. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतं, ३.० चं ०.९. तबकडी फिरायला सुरुवात करते त्या क्षणी काही डिस्कना एक अँपिअरच्या आसपास लागतो. म्हणून तो टीव्हीच्या मागे हात घालून ३.० चं निळं पोर्ट चाचपतो. तेही पुरलं नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये जोडतो.

वीज पुरूनही डिस्क दिसत नसेल, तर खरा हट्टी भाग पुढे येतो. डिस्कच्या अगदी सुरुवातीला तिच्या वाटण्यांची एक छोटी नोंद असते. एमबीआर नावाची ही नोंदीची पद्धत १९८३ सालची आहे. डिस्कवरच्या जागेच्या एका तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि त्याचा क्रमांक लिहायला या नोंदीत फक्त ३२ बिट ठेवलेत. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. एकेक ५१२ बाइटचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे २.२ लाख कोटी बाइट, ज्याला आपण दोन टीबी म्हणतो. त्याच्या पुढची जागा डिस्कवर असते, पण नोंदीत मांडता येत नाही. जीपीटी नावाची नवी पद्धत ही मर्यादा उठवते, मात्र काही जुन्या टीव्हींना ती वाचताच येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी काटकसरीने ठरवलेला एक आकडा आज म्हसावदच्या दिवाणखान्यात लग्न अडवून बसतो, याचं मला फार नवल वाटलं.

नोंद वाचता आली तरी फाइल कशा रचल्यात हा प्रश्न उरतोच. एफएटी३२ नावाची रचना जवळपास प्रत्येक टीव्हीला कळते, पण त्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट लिहिणारा कॅमेरा तेवढं सहा मिनिटांच्या आत भरतो. सप्तपदीचे तुकडे कोण करणार? एक्सफॅटला तशी अडचण नाही, पण बऱ्याच टीव्हींच्या पोटात लिनक्स असतं आणि त्याच्या मूळ गाभ्यात एक्सफॅट आलं ते २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केल्यावर. त्याआधीचे टीव्ही कंपनीने परवाना घेतला असेल तरच ते वाचतात. एनटीएफएस ही तिसरी रचना बऱ्याच ठिकाणी चालते, पण सगळीकडे नाही. म्हणून हा तरुण डिस्क भरण्याआधीच यजमानांकडून टीव्हीच्या मागच्या मॉडेल क्रमांकाच्या लेबलचा फोटो मागवतो. ही त्याची सवय मला फार मोलाची वाटते.

तरीही अडचणी संपत नाहीत. चित्र दिसतं पण सनई ऐकू येत नाही, कारण फाइलमधला आवाज डीटीएस नावाच्या प्रकारात बांधलेला असतो आणि तो उलगडायची सोय त्या टीव्हीत नसते. कधी लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण साडेतीन इंची मोठी डिस्क भिंतीतल्या प्लगला लावलेल्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर असते, ती कॉपी चालू असतानाच बंद पडते. एनटीएफएस आपल्या बदलांची रोजनिशी ठेवतं, त्यामुळे पुष्कळदा सावरतं. एक्सफॅटकडे तशी रोजनिशी नाही.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती टीव्हीने विचारलेल्या एका प्रश्नाची. डिस्क ओळखता आली नाही की काही टीव्ही सरळ फॉरमॅट करू का, असं विचारतात. अँड्रॉइड टीव्हीवर तर डिस्क टीव्हीचीच साठवण म्हणून जोडायचा पर्याय येतो. तो निवडला की आधीचं सगळं पुसलं जातं, आणि पुढे जे लिहिलं जाईल ते कुलूपबंद होतं. किल्ली त्याच टीव्हीत राहते. टीव्ही रीसेट झाला तर कुणालाच ते वाचता येत नाही. आजोबा रिमोट हातात घेऊन 'ओके' दाबतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पडद्यावर सूचना इंग्रजीत असते.

त्या तरुणाने आता डिस्कच्या डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला सुरुवात केली आहे: टीव्हीने फॉरमॅट विचारलं तर थांबा, आधी फोन करा. शिवाय प्रत्येक लग्नाची एक प्रत तो स्वतःकडे ठेवतो, पण पुढच्या लग्नसराईला त्याच डिस्क त्याला पुन्हा लागतात. तेव्हा पुसण्याआधी तो एकेका घरी फोन लावून विचारतो, तुमची डिस्क चालते ना, आणि तिची दुसरी प्रत कुठे काढून ठेवली आहे का. बहुतेक घरांतून उत्तर येतं, प्रत काढायची राहिली आहे.