कीटोन व कॅफिन पूरके आणि सायकलपटूंची कामगिरी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

सहनशक्तीच्या क्रीडाप्रकारांत सायकलिंगला प्रयोगशाळेच्या दृष्टीने विशेष स्थान आहे. धावपटूच्या किंवा जलतरणपटूच्या स्नायूंनी केलेले कार्य मोजणे अवघड असते. सायकलपटूचे कार्य मात्र एर्गोमीटरवर वॅटमध्ये नेमके मोजता येते. त्यामुळे क्रीडापोषणातील अनेक कल्पनांची कसोटी प्रथम सायकलवरच लागली. प्रस्तुत लेखात कॅफिन आणि कीटोन या दोन पूरकांचा विचार केला आहे. दोन्ही पूरकांच्या समर्थनार्थ प्रारंभी एकच सिद्धांत मांडला गेला, तो म्हणजे स्नायूंतील ग्लायकोजेनची बचत. पुढे मात्र दोहोंची वाटचाल परस्परविरुद्ध दिशांनी झाली.

ग्लायकोजेन म्हणजे स्नायू व यकृत यांत साठविलेले कर्बोदक. शरीरातील मेदाचा साठा विपुल असला, तरी ग्लायकोजेनचा साठा मर्यादित असतो आणि दीर्घ, तीव्र श्रमांत तो झपाट्याने खालावतो. तेव्हा स्नायूंना अन्य इंधन पुरविले तर हा साठा शर्यतीच्या अखेरीस कामी येईल, हा विचार स्वाभाविकच होता.

कॅफिन : सिद्धांत गेला, परिणाम राहिला

१९७८ मध्ये डेव्हिड कॉस्टिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ स्पर्धात्मक सायकलपटूंवर केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेच्या सुमारे ८० टक्के तीव्रतेने थकेपर्यंत सायकल चालविताना, कॅफिनविरहित कॉफी घेतलेल्या वेळी ते सरासरी ७५.५ मिनिटे टिकले, तर ३३० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्या वेळी ९०.२ मिनिटे. कॅफिनमुळे मेदाचे ज्वलन वाढते व ग्लायकोजेन वाचते, असे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले.

हे स्पष्टीकरण पुढील संशोधनात टिकले नाही. ग्लायकोजेनची बचत सर्व प्रयोगांत आढळेना. शिवाय ज्या अल्पकालीन श्रमांत ग्लायकोजेन संपण्याचा प्रश्नच येत नाही, तेथेही कॅफिनचा लाभ दिसू लागला. आज मुख्य कारण मज्जासंस्थेत शोधले जाते. थकवा व झोप यांची जाणीव देणाऱ्या अॅडेनोसिन या द्रव्याचे ग्राही कॅफिन अडवून धरते आणि तेच श्रम कमी जड वाटू लागतात. कारणमीमांसा बदलली, परंतु परिणाम कायम राहिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तर दोन तास सायकल चालवून झाल्यावर, अखेरच्या टप्प्यात साधे कोला पेय घेतल्यानेही कामगिरीत सुमारे ३ टक्के सुधारणा आढळली.

सामान्यतः शरीराच्या प्रतिकिलो वजनास ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन, श्रमापूर्वी सुमारे एक तास, हे प्रमाण परिणामकारक मानले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या खेळाडूस १८० मिलिग्रॅमपासून प्रारंभ करता येईल. मात्र सरासरी आकडा प्रत्येकास लागू पडतोच असे नाही. टोरांटो येथे १०१ पुरुष खेळाडूंवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० किलोमीटर सायकल चाचणीतील परिणाम जनुकीय प्रकारानुसार बदलला. कॅफिनचा जलद निचरा करणाऱ्यांची कामगिरी प्रतिकिलो ४ मिलिग्रॅम मात्रेवर ६.८ टक्क्यांनी सुधारली. सर्वांत मंद निचऱ्याच्या जनुकीय प्रकाराची १३.७ टक्क्यांनी खालावली. सर्व अभ्यासांत हा फरक इतक्या ठळकपणे आढळलेला नाही, तरीही सरसकट मात्रा लिहून देणाऱ्या प्रशिक्षकाने या निष्कर्षाची दखल घ्यावयास हवी.

कीटोन : सिद्धांत दिसला, परिणाम निसटला

उपवासात किंवा कर्बोदकांच्या अभावी यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये तयार करते. दीर्घ उपासमारीत मेंदू याच इंधनावर बव्हंशी तग धरतो. १९९५ मध्ये रिचर्ड वीच यांच्या गटाने उंदराच्या हृदयावर केलेल्या प्रयोगात कीटोनमुळे हृदयाची कार्यक्षमता वाढल्याचे दाखविले. पुढे वीच आणि ऑक्सफर्डच्या कीरन क्लार्क यांनी कीटोन एस्टर हे पेय विकसित केले. ते घेतल्यावर उपवास न करताही रक्तातील कीटोनची पातळी अर्ध्या-एक तासात वाढते.

२०१६ मध्ये या गटाचा बहुचर्चित शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कीटोन घेतल्यावर श्रमाच्या वेळी लॅक्टेट कमी राहिले, स्नायूंतील ग्लायकोजेन कमी खर्च झाले आणि एक तासाच्या श्रमानंतरच्या ३० मिनिटांच्या चाचणीत आठ सायकलपटूंनी सरासरी ४११ मीटर, म्हणजे सुमारे २ टक्के अधिक अंतर कापले. कॅफिनच्या बाबतीत जे सिद्ध झाले नव्हते ते येथे स्नायूंच्या नमुन्यांतच दिसले होते.

तथापि इतर प्रयोगशाळांत हा लाभ मिळेना. २०१७ मध्ये निराळ्या प्रकारचे कीटोन एस्टर घेतलेले अकरा व्यावसायिक सायकलपटू ३१ किलोमीटरच्या चाचणीत सुमारे २ टक्के मागे पडले. पोटाचा त्रास झाला तो वेगळाच. बेल्जियममधील ल्यूवेन येथील २०२० च्या अभ्यासात दीर्घ, शर्यतसदृश श्रमांनंतर ना कामगिरी सुधारली, ना ग्लायकोजेन वाचले. २०२३ मध्ये कॅनडातील एका अभ्यासात २० मिनिटांच्या चाचणीतील सरासरी शक्ती उलट घटली.

यामागे दोन कारणे संभवतात. कीटोन कर्बोदकांचे विघटन मंदावते. परंतु चढावर किंवा अंतिम धावेत जलद ऊर्जा हवी असते ती नेमकी कर्बोदकांतूनच मिळते. तिजोरीत धन शिल्लक राहिले, पण गरजेच्या वेळी ती उघडलीच नाही, असा हा प्रकार होय. दुसरे म्हणजे कीटोन द्रव्ये आम्लधर्मी असल्याने रक्ताची आम्लता वाढते व श्वसनाचा भार वाढतो. ल्यूवेनच्याच संशोधकांनी कीटोनसोबत सोडियम बायकार्बोनेट दिले असता अखेरच्या चाचणीतील शक्ती सुमारे ५ टक्के वाढली, हे या दुसऱ्या कारणास पूरक आहे.

एकत्रित वापराचा प्रश्न :

बाजारातील काही पेयांत कीटोन क्षार व कॅफिन एकत्र असतात. अशा मिश्रणाने कामगिरी सुधारली, तर श्रेय कोणाचे? उत्तर मिळण्यासाठी केवळ कॅफिन, केवळ कीटोन, दोन्ही आणि निष्क्रिय पेय अशी चार प्रकारची तुलना आवश्यक असते. मिश्रणाची तुलना केवळ निष्क्रिय पेयाशी केली, तर कॅफिनचा ज्ञात परिणाम कीटोनच्या नावावर जमा होतो. त्यातच कीटोन एस्टर अत्यंत कडू असल्याने आपण काय प्यालो हे खेळाडूस ओळखू येण्याचा धोका असतो व दुहेरी अंध पद्धतीचा हेतूच विफल होतो. निष्क्रिय पेयही तितकेच कडू करण्याची दक्षता न घेतलेले निष्कर्ष सावधपणेच स्वीकारावयास हवेत.

नियम व व्यवहार :

कॅफिनवर पूर्वी मर्यादा होती. मूत्रात प्रतिमिलिलिटर १२ मायक्रोग्रॅमहून अधिक कॅफिन आढळल्यास खेळाडू दोषी ठरत असे. २००४ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने (वाडा) ते निषिद्ध यादीतून वगळले व केवळ निरीक्षणाखाली ठेवले. कीटोनवर बंदी नाही, परंतु आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने त्याचा वापर करावा अशी शिफारसही केलेली नाही. २०१९ च्या टूर द फ्रान्समध्ये एका डच संघाने कीटोन वापरत असल्याचे उघडपणे मान्य केल्यानंतर मागणी वाढली.

२०१८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या कीटोन एस्टरच्या तीन लहान बाटल्यांना सुमारे ९९ डॉलर मोजावे लागत. जिल्हा पातळीवरील आपल्या सायकलपटूच्या दृष्टीने एवढ्या खर्चात नवे टायर, ब्रेक आणि महिनाभराची केळी येतात. कॅफिन त्या मानाने स्वस्त आहे, पण त्याचा निम्मा अंश रक्तातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या सरावापूर्वी ते घेतल्यास रात्रीची झोप बिघडते, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावासाठी झोपेची उणीव कोणतेही पूरक भरून काढीत नाही. नवीन पूरकाचा प्रयोग म्हणून सरावाच्या दिवसांतच करावा, तोही किमान दोन-तीन वेळा, त्याच अंतरावर व घड्याळ लावून.