अळीची लस

इथे अमेरिकेत दिवाळी आणि फ्लूची लस एकाच सुमारास येतात. आमच्या वयात फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. बहुतेक लशींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात; तिथे रुळताना त्याच्या अंगावरचे हिमॅग्लुटिनिन (‘एच१एन१’मधला ‘एच’) हे प्रथिन कधी कधी थोडे बदलते आणि लशीचा नेम चुकतो. प्रयोगशाळेत आम्ही जिवंत फ्लू आणतच नसू. त्या प्रथिनाचे जनुक कीटकांच्या एका विषाणूमार्फत अळीच्या पेशींत घालायचे, की पेशी जनुकाबरहुकूम प्रथिन बनवून देत. याच पद्धतीची लस इथे २०१३ साली मंजूर झाली. पासष्टीपुढच्यांसाठी २०२२पासून ज्या तीन लशींना पसंती आहे, त्यांत ती आहे. मी तीच मागून घेतो.

आणि अळी कुठली? २०१८पासून आपल्याकडच्या मक्याचा फडशा पाडणारी लष्करी अळी! गावाकडचा भाऊ फोनवर म्हणाला, “तुमच्याकडं लस देते होय? इथं फवारून फवारून हात दुखले.”