ओसरलेल्या झटक्याची उपेक्षा

अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत एखाद्याचा हात अकस्मात लुळा पडला, वाचा अडखळली आणि घटकाभरात सारे पूर्ववत झाले, तर अशक्तपणा समजून ते विसरले जाते. वस्तुतः ती पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मानेतील धमनीत मेदाचा थर साचतो. त्याचा कण सुटून मेंदूत अडकला की अनर्थ ओढवतो.

मानेच्या सोनोग्राफीत हा थर सुई न टोचता दिसतो. रक्ताच्या वाढलेल्या वेगावरून धमनी किती अरुंद झाली हे कळते. थर मऊ की कठीण, याचाही अंदाज येतो. मऊ थर अधिक घातक मानला जातो. लक्षणे दिसलेल्या आणि धमनी 70 टक्क्यांहून अधिक अरुंद झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेने पक्षाघाताचा धोका पुष्कळ घटतो, हे 1991 मध्ये उत्तर अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले.

सरसकट सर्वांच्या माना तपासण्याची मोहीम नको. तिच्यातून अनावश्यक शस्त्रक्रियाच वाढतील. परंतु झटका येऊन गेलेल्या रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्तव्य ठरले पाहिजे. अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वऱ्हाडातील रुग्ण तेथे पक्षाघातापूर्वी पोहोचावा, नंतर नव्हे.