सूर्य आज कुठे बुडणार?

ग्रीसच्या सॅन्टोरिनी बेटावर इया नावाचं गाव आहे. जगभरचे लोक तिथे केवळ सूर्यास्त पाहायला जातात आणि बरंच आधी जाऊन जागा धरून बसतात. मीरा-भाईंदरकरांनाही त्या फोटोंचं अप्रूप असतं. पण आपणही बेटावरच राहतो, हे किती जणांच्या ध्यानात असतं? उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र. मधलं ते साष्टीचं बेट, आणि त्याच्या उत्तर टोकाला आपलं शहर. खडकसुद्धा इयासारखाच ज्वालामुखीतून आलेला, फक्त आपला सहा कोटी वर्षांहून जुना. उघडा समुद्र हवा असेल तर भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरायची.

मग इथली सूर्यास्ताची सर्वांत चांगली जागा कोणती? तारीख सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

सूर्य पश्चिमेला मावळतो, हे शाळेतलं वाक्य वर्षातून दोनच दिवस तंतोतंत खरं ठरतं: 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो क्षितिजावर येरझारा घालत असतो. आपल्या अक्षांशावर 21 जूनला तो नेमक्या पश्चिमेच्या 25 अंश उत्तरेला बुडतो, तर 21 डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. म्हणजे दोन टोकांत 50 अंशांचं अंतर! हात ताणून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते. अशा पाच मुठी क्षितिजावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. चालही सारखी नाही. मार्च आणि सप्टेंबरात तो रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, तर जून-डिसेंबरात कित्येक दिवस जागचा हलत नाही.

या येरझाऱ्यांमुळे ठिकाणांचं नशीब बदलतं. विरार लोकल भाईंदर सोडून खाडीवर आली की पश्चिमेच्या दारातल्यांना मार्चमध्ये सूर्य खाडीच्या मुखाकडे उतरताना दिसतो. मे महिन्यात तोच वसईच्या बाजूला सरकतो आणि डिसेंबरात उत्तन-डोंगरीच्या टेकड्यांमागे जातो. घोडबंदरच्या किल्ल्यावरून जूनमध्ये तो खाडीच्या अंगाला झुकलेला असतो. थंडीत मात्र मीरा रोडचे टॉवर त्याला वेळेआधीच गिळतात. बारा महिने समुद्रातच बुडणारा सूर्य हवा, तर उत्तन किंवा चौक गाठावं. पैकी माझं मत चौकला. तिथे धारावी किल्ल्याची टेकडी आहे, चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, पलीकडे त्यांच्या फौजेने 1739 मध्ये घेतलेली वसई आहे. आणि उंचीचा फायदा वेगळाच.

तो फायदा असा. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. वर चढावं तसं ते लांब जातं आणि सूर्य उशिरा बुडतो. 50 मीटर उंचीवर हा उशीर पाऊण मिनिटाहून जास्त भरतो. टेकडी नसली तरी चालेल! उत्तनच्या वाळूत पालथं पडून सूर्याची शेवटची कड दिसेनाशी होऊ द्या आणि तत्काळ उभे राहा. ती कड पाच-सहा सेकंदांपुरती पुन्हा दिसते. एका संध्याकाळी दोन सूर्यास्त, आणि पृथ्वी गोल असल्याचा पुरावा फुकट. (लोक बघतील, बघू द्या.)

त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे, सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना त्याचा प्रकाश वाकतो आणि क्षितिजालगत सूर्याला स्वतःच्या व्यासापेक्षाही किंचित जास्त उचलून दाखवतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते, म्हणून बुडता सूर्य दाबलेल्या पेढ्यासारखा चपटा दिसतो. आपण पाहतो ती नुसती त्याची प्रतिमा. तीही आपल्याकडे घाईने जाते: मार्चमध्ये कड टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटं. इयाला जूनमध्ये त्यासाठी तीन मिनिटं लागतात, कारण उत्तरेकडे सूर्य जास्त तिरका उतरतो. एवढ्या बाबतीत ग्रीकांचा सौदा बरा.

जागा ठरली तरी तिथीचा प्रश्न राहतोच. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मासेमारीला जाणाऱ्यांचं त्यावर भागत आलं आहे. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की उधाणाच्या तिथींना सूर्यास्ताच्या वेळी पाणी लांब गेलेलं असतं, ओल्या वाळूत सगळं आकाश उतरतं. भांगाच्या दिवसांत लाटा जवळ असतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर फार पुढे जाऊ नये. पाणी परतताना कुणाची वाट पाहत नाही.

रंगांचं गणित हवेच्या हाती. मावळत्या प्रकाशाला डोक्यावरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ चाळीस पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा उरतो. पण हवेत धूळ-धूर साचला की तांबडाही फिका पडतो. जानेवारीत सूर्य पाण्याला टेकण्याआधीच धुरकटात विरून जातो, याचं कारण हेच. पावसाने धुतलेली हवा आणि वर विरळ, उंच ढग, हा योग हस्ताचा पाऊस ओसरला की जुळतो. जून-जुलै ढगांचे, तेव्हा मासेमारीही बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. नोव्हेंबरअखेर निघालात तर घाई करा, कारण वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त तेव्हा असतो, सहाच्या ठोक्याला. 21 डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, पण तोवर सूर्यास्त पाच मिनिटं पुढे गेलेला असतो.

आणि सूर्य बुडाला म्हणून लगेच बसच्या रांगेत धावू नका. उंच ढगांना खालून ऊन लागतं ते यानंतर, दहा-पंधरा मिनिटांनी. तोवर पाठ फिरवून पूर्वेकडे पाहा. हवा स्वच्छ असेल तर बोरिवलीच्या डोंगरांवर पाटीच्या रंगाचा एक पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्या माथ्यावर गुलाबी किनार. तो पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. इयाला सगळी गर्दी पश्चिमेकडे तोंड करून असते, त्यामुळे तिथेही तो फारसा कुणी पाहत नसावा.