निळा पडदा आणि पेढीचा हिशेब

महिन्याची अठरा तारीख होती. जीएसटीचे विवरणपत्र वीस तारखेच्या आत भरायचे, म्हणून आमच्या धान्याच्या पेढीवर दिवेलागणीनंतरही काम चालू होते. बिलांची नोंद करता करता संगणकाचा पडदा एकाएकी निळा झाला, त्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या, आणि थोड्याच वेळात यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. तासाभरात तोच प्रकार दुसऱ्यांदा घडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत निर्णय दिला, "विंडोज खराब झाले आहे. फॉरमॅट मारावा लागेल."

थोरले बंधू अण्णा गादीवरूनच म्हणाले, "मारा हो, पण आधी एवढे सांगा, आपल्या खतावण्यांची दुसरी प्रत कुठे आहे?"

त्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते. चार वर्षांचे हिशेब त्या एकाच डिस्कवर होते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. दंड, व्याज बाजूला ठेवले तरी कोणाकडून किती येणे आहे, हेच ठाऊक नसेल तर पेढी चालवायची कशी?

वाचकहो, निळा पडदा म्हणजे यंत्राचा मृत्यू नव्हे. संगणकाच्या अगदी गाभ्यात विसंगती आढळली, की विंडोज पुढे रेटत न जाता स्वतःहून थांबते. चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागचा विचार. थांबताना ते कारणाचा सांकेतिक शब्द पडद्यावर दाखवते. विंडोज ११ च्या २०२५ मधील सुधारणेनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे, अर्थ मात्र तोच आहे.

रोजमेळ जुळला नाही तर आपण सबंध वही फाडून नवी लिहीत नाही. फरकाची रक्कम पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, हे जुने मुनीम क्षणात ओळखत. पडद्यावरचा शब्दही असाच फरकाच्या रकमेसारखा असतो. तो चूक नेमकी दाखवत नाही, पण शोधाची दिशा देतो.

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला दूरध्वनी केला तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तिन्ही वेळा शब्द एकच होता का?" आम्ही पाहिलेच नव्हते. परंतु यंत्राने नोंद ठेवली होती. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहिला, की दिवसवार आलेख दिसतो. कोणत्या दिवशी काय बिघडले आणि कोणते नवे सॉफ्टवेअर चढवले, हे त्यात शेजारी शेजारी कळते. अधिक तपशील 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये मिळतो. तेथे अचानक बंद पडल्याची नोंद आहे, पण निळ्या पडद्याची नाही, असे आढळले तर वीजपुरवठा, यूपीएस किंवा वाढलेले तापमान यांकडे आधी पाहावे.

प्रत्येक वेळी तोच शब्द आणि सोबत एखाद्या फाइलचे नाव येत असेल, तर बहुधा ड्रायव्हरचा दोष असतो. छपाईयंत्र, पडदा वा नेटवर्क यांना संगणकाशी जोडणारा हा प्रोग्राम. नुकताच बदलला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधून जुन्या आवृत्तीवर परत जाता येते. यंत्र नीट सुरूच होत नसेल, तर 'सेफ मोड'मध्ये मोजक्या आवश्यक प्रोग्रामांसह ते चालवता येते. मात्र त्यापूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी असावी. ती यंत्र मागू शकते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक असेच थांबले. भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या संगणकांवरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढून टाकणे. फॉरमॅटची गरज नव्हती.

आमच्या यंत्राच्या नोंदीत तिन्ही वेळा निराळे शब्द निघाले: एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. पुतण्या म्हणाला, "शब्द दर वेळी बदलतो, तेव्हा रॅमवर संशय घ्यावा." दोन महिन्यांपूर्वी वेग वाढावा म्हणून आम्ही रॅमची एक जादा पट्टी बसवून घेतली होती.

तरीही पहिले काम दुरुस्तीचे नव्हते. हिशेबाचा सारा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला आणि ती प्रत मुलाच्या लॅपटॉपवर उघडून शेवटच्या शिलका ताडून पाहिल्या. डिस्कच दुखणाईत असेल, तर तपासणीच्या ताणानेही ती कायमची बसू शकते; म्हणून आधी प्रत, मग तपासणी.

नंतर 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवले. यंत्र पुन्हा सुरू होऊन त्याने स्वतःची परीक्षा घेतली आणि दोष असल्याचे सांगितले. वीज तोडून नवी पट्टी काढली, परीक्षा पुन्हा घेतली. दोष नाहीसा झाला. एका वेळी एकच बदल केला म्हणून कारण निश्चित कळले. चार बदल एकदम केले असते, तर यंत्र चालले असते, पण कशाने, ते कळले नसते. आणि फॉरमॅट केले असते, तर हिशेब गेले असते व सदोष पट्टी जागच्या जागी राहिली असती. यंत्राच्या भागातला दोष विंडोज नव्याने चढवून जात नाही.

वीस तारखेला दुपारी विवरणपत्र भरले गेले. तेव्हापासून दर शनिवारी पेढी बंद करताना अण्णा स्वतः प्रत काढून घेतात. दोन डिस्क आळीपाळीने वापरतात. एक पेढीच्या तिजोरीत, दुसरी घरी. महिन्यातून एकदा प्रत उघडूनही पाहतात. संगणकाशेजारी एक छोटी वही ठेवली आहे. पडद्यावर काही उमटले, की त्यात तारीख, वेळ, शब्द आणि त्या क्षणी चाललेले काम लिहायचे, असा दंडक आहे. गेल्या दोन महिन्यांत त्या वहीत एकही नोंद झालेली नाही.