एक कुकर आणि पोटभर जेवण

खरं सांगा हं, संध्याकाळी सात वाजता ओट्यापुढे उभं राहिल्यावर तुम्हाला कधी रडू आलंय? मला आलंय. त्या दिवशी दुपारची शाळा करून, येताना भाजी घेऊन घरी पोचले, तो कळलं की भांडीवाली बाई आलीच नाही. मोरीत दुपारची भांडी तशीच पडलेली. थोरलीचं गणित अडलेलं. आणि डोक्यात नेहमीची यादी : वरण, भात, भाजी, भाकरी, सासूबाईंच्या दातांना झेपेल असं काहीतरी मऊ, धाकट्याला तिखट नको, ह्यांना तिखटाशिवाय चालत नाही. गॅस पेटवला आणि उगीचच डोळे भरून आले.

नेमका तेव्हाच भाचीचा फोन आला. माझ्या नणंदेची लेक ही, लातूरची. नर्सिंग केलं, चिकाटीनं जर्मन भाषा शिकली आणि स्टुटगार्टच्या एका इस्पितळात नोकरीला लागली. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी म्हणजे हे स्टुटगार्ट. तेव्हापासून आपल्याकडेही जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींची घरोघरी चर्चा असते, तुम्हीही ऐकली असेल.

"काय जेवलीस गं?" मी सवयीनं विचारलं.

"मसुराचं सूप केलंय मामी. आता खाणार आणि झोपणार. ड्यूटी करून जीव गेलाय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काही नाही. हेच जेवण!"

मैत्रिणींनो, 'हेच जेवण' हे दोन शब्द माझ्या मनात जे रुतले ते रुतलेच. रोज चार पदार्थ झाले नाहीत तर आपण घरच्यांना उपाशी ठेवलं, असं आपल्याला कुणी शिकवलं हो? लगेच तिच्याकडून कृती उतरवून घेतली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

टोप तिकडचा आणि टोप आपला

जर्मन लोक अशा जेवणाला 'आइन्टोप्फ' म्हणतात. आइन म्हणजे एक आणि टोप्फ म्हणजे भांडं. आपला टोपच आठवतो की नाही! कडधान्य, कंदमुळं, भाज्या सगळं एकाच भांड्यात शिजवायचं, सोबत पाव घ्यायचा आणि पोटभर जेवायचं. तिथं त्याला कुणी आळस म्हणत नाही.

भाची राहते तो श्वाबेन प्रांत तर मसुरासाठी प्रसिद्धच आहे. तिथल्या डोंगराळ, दगडगोट्यांच्या हलक्या जमिनीत पूर्वी मसूर पिके. पुढं १९५०-६०च्या सुमारास ते पीक परवडेनासं झालं आणि जुनं वाणही नाहीसं झालं. ते बियाणं २००६मध्ये सापडलं कुठं, तर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-संग्रहात! तिथून ते परत आणून शेतकऱ्यांनी पुन्हा पेरलं. हलकी जमीन आणि कडधान्य हे नातं आपल्या मराठवाड्याला काही नवं नाही. आपल्याकडे राज्य तुरीचं. लातूरची डाळ देशभर जाते आणि निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कृती लिहून घेताना मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. श्वाबेनच्या बायका सूप दाट करायला कणीक तुपात खमंग, तपकिरी होईपर्यंत भाजून घालतात. आपण आमटीला येसर लावतो, ते दुसरं काय असतं? शेवटी त्या थोडा व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालतात. आपण चिंच आणि गूळ घालतो! तेव्हा नाव परकं असलं तरी चव अगदीच अनोळखी नाही, बरं का.

साहित्य (चार माणसांसाठी)

अख्खा मसूर दीड वाटी (सुमारे २०० ग्रॅम), पाणी सहा वाट्या, दोन गाजरं, दोन मध्यम बटाटे, दोन कांदे, सहा-सात लसूण पाकळ्या, कांद्याच्या पातीची लहान जुडी, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट, एक तमालपत्र, सात-आठ मिरे, दोन मोठे चमचे तेल किंवा तूप, दोन चमचे येसर (नसल्यास तेवढीच कणीक), एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ.

जर्मनीत गाजर, लीक आणि सेलरीचा कंद ह्यांची 'सुपाची जुडी' बांधूनच मिळते. आपण लीकच्या जागी कांद्याची पात आणि सेलरीच्या जागी कोथिंबिरीच्या काड्या घ्यायच्या. काड्या फेकू नका, वास तिथंच असतो! ते लोक ह्यात डुकराचं खारवलेलं मांस किंवा सॉसेजही घालतात. त्यावाचून आपलं काही अडत नाही.

कृती

१. शाळेतून किंवा बाजारातून आल्याबरोबर मसूर निवडून, धुऊन पाण्यात टाका. हातपाय धुऊन चहा होईपर्यंत अर्धा तास जातोच, तेवढं भिजणं पुरे.

२. कुकरमध्येच तेल तापवून कांदा, ठेचलेला लसूण, गाजराच्या चकत्या आणि कोथिंबिरीच्या चिरलेल्या काड्या चार-पाच मिनिटं परता. कांदा मऊ व्हावा, करपू नये.

३. तमालपत्र, मिरे, निथळलेला मसूर, बटाट्याच्या मोठ्या फोडी, पाणी आणि मीठ घाला. फोडी लहान केल्यात तर पिठलं होईल! कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. कडधान्याला फेस येतो आणि शिट्टीची वाट तुंबते.

४. तीन शिट्ट्या करा, मग बारीक आचेवर पाच मिनिटं ठेवून गॅस बंद करा. वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्यात थोरलीचं गणित होतं, अनुभवानं सांगते.

५. येसर थोड्या पाण्यात कालवून सुपात घाला. कणीक वापरणार असाल तर ती कढल्यात चमचाभर तुपात बदामी रंगाच्या थोडी पुढं भाजून, पाण्यात कालवून घाला. चार मिनिटं उकळू द्या.

६. सगळ्यात शेवटी चिंच, गूळ आणि कांद्याची पात. एक उकळी आली की उतरवा. वरून कोथिंबिरीची पानं.

सोबत ज्वारीची भाकरी, सकाळची पोळी, नाहीतर पाव, जे घरात असेल ते.

काही बारीकसारीक

चिंच सुरुवातीला घालण्याचा मोह टाळा. आंबटामुळे मसुराचं साल चिवट राहतं आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा कडकच लागतो. बोअरच्या जड पाण्याचंही तसंच. त्यातल्या क्षारांमुळे कडधान्य लवकर शिजत नाही. शक्य असेल तर शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. सोडा मात्र नको, त्यानं 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होतं.

चातुर्मासात मसूर वर्ज्य असेल तर अख्खे मूग घ्या, प्रमाण तेच.

शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय लोहही. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. तेव्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेलं आपल्याला, असं करू नका. आपली वाटी आधी भरून बाजूला ठेवा. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका.

आणि सासूबाई?

पहिल्या दिवशी ताटात एकटी वाटी बघून त्या म्हणाल्या, "हे काय, आजाऱ्याचं जेवण?" मी काही बोलले नाही. त्यांच्या वाटीतला बटाटा डावानं मोडून मऊ केला. ह्यांच्या वाटीवर लाल तिखट आणि लसणाची चरचरीत फोडणी ओतली. धाकट्याला तसंच दिलं. एकाच कुकरातून चौघांच्या चार तऱ्हा निघाल्या आणि माझी ती लांबलचक यादी तिथंच संपली!

सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मला पण घाल गं ती फोडणी." जेवण झाल्यावर हात धुताना पुन्हा म्हणाल्या, "आपल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला नुसत्या डाळ-रोटीवर माणसं तृप्त होऊन उठतात. तिथं कुठं चार भाज्या असतात?" एवढं मला पुरेसं होतं. मामंजींना अजूनही वर भात लागतो, तो मी लावते. सगळीच लढाई एका दिवसात जिंकायची नसते.

लातूरला नणंदबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना भलतंच आठवलं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस. त्या म्हणाल्या, "तेव्हा स्वयंपाकापेक्षा भांडी घासायची धास्ती वाटायची गं. तेव्हा हे माहीत असतं, तर एका कुकरात भागलं असतं!"

त्या रात्री मीही भांडी मोजली. एक कुकर, एक डाव, एक कढलं आणि ज्याची त्याची वाटी. नऊ वाजता ओटा पुसून मी मोकळी होते. पेपर तपासायचे होते, पण तासले नाहीत. भाचीला उलटा फोन लावला आणि चांगली अर्धा तास बोलले. पोर परदेशात एकटी असते, तिलाही कुणीतरी 'जेवलीस का' एवढं विचारून न थांबता पुढं ऐकून घेणारं हवं असतं.

आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठेवून बघा. घरचे उपाशी राहत नाहीत, आणि आपणही सगळ्यांच्या बरोबर गरम गरम जेवतो!