धसकलेले मन सावरते कसे?

दरड कोसळताना अनुभवलेल्या माणसाच्या काळजात पुढच्या पावसाळ्यात ढग गडगडला तरी धस्स होते. मेंदूतला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, हा भीतीचा राखणदार. आठवणीलाही तो धोका समजून हाकाटी करतो. त्याला आवरतो कपाळामागचा विचारी भाग, पण सवयीनेच. गडगडले आणि काही झाले नाही, असे वारंवार घडले की जुन्या आठवणीशेजारी सुरक्षिततेची नवी आठवण रुजते. जुनी मात्र पुसली जात नाही.

अशा सावरण्याला सोबतीचीही मदत होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही वस्ती दरडीखाली गेली. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौक गावाजवळ एकत्रच ठेवले गेले, हे फार मोलाचे. ओळखीची माणसे जवळ असली की तणावाची संप्रेरके लवकर ओसरतात, झोप परतते, आणि झोपेतच मेंदू नव्या आठवणी पक्क्या करतो.